अर्धं वाक्य

१९७४ साल. मी चौतीस वर्षांची होते आणि माझ्या नावावर चार कादंबऱ्या होत्या. सकाळी सहाला चहाचा कप घेऊन मागच्या खोलीत बसायचं आणि नऊच्या ठोक्याला उठायचं, हा माझा नेम. उठताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडायची. म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाकडे बघत बसावं लागत नसे.

हे छापखान्यात प्रुफं तपासत. संध्याकाळी घरी आले की माझी पानं वाचायचे आणि शंका आली की समासात लाल पेन्सिलीनं विचारायचे. बदलायचं नसलं तर मी खाली लिहायची, ‘असू दे.’ आमची निम्मी भांडणं समासातच उरकायची. आमच्या ठमीनंही ते उचललं होतं. पसारा आवर म्हटलं की हात मागे बांधून म्हणायची, “असू दे.”

ठमी आमची एकुलती एक. बहात्तर साली गेली. चार दिवसांचा ताप. तिला आठवं लागायला महिना होता. नंतर घरात तिचं नाव कोणी काढलं नाही.

मी कादंबरी लिहायला घेतली. एक मुलगी, आठव्या वर्षापासून पुढे, एका प्रकरणात एक वर्ष. ती कोणाची, हे यांना सांगावं लागलं नाही.

एके दिवशी ‘शाळेतून येताना ती पुलावर थांबली आणि’ एवढं लिहून मी उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचं लिहिलेलं होतं: ‘दप्तर खाली ठेवून पाणी बघत बसली, कारण घरी जायचा रस्ता आठवेना.’

माझ्याच शाईत. अक्षर टपोरं, दाबून काढलेलं.

मला वाटलं, यांचं काम. बोलता येत नाही म्हणून लिहीत असतील. मीही बोलले नाही. वाक्यं रोज पुरी होत राहिली आणि मी त्यांच्यापुढे लिहीत गेले. प्रकरणागणिक अक्षर बदलत होतं. बाराव्या वर्षी ते बारीक झालं. सोळाव्या वर्षी उजवीकडे कललं, घाईत असल्यासारखं.

पुढच्या वर्षी प्रकाशक घरी आले. “बाई, तुमची नायिका माझ्या सुनेएवढी झाली की हो. आता द्या तिला निरोप. पुढच्या महिन्यात छापायला घेतो.”

ते गेल्यावर हे बराच वेळ पानं चाळत बसले.

“एक विचारू? रागावू नकोस.”

“विचारा.”

“मधेमधे अक्षर बदलून लिहितेस, ते कशाला?”

“मी? मला वाटलं, तुम्ही लिहिता.”

“मी कुठला लिहिणार? मी दुसऱ्यांच्या चुका काढणारा माणूस.” हसायला गेले, पण जमलं नाही.

मग त्यांनी लाल पेन्सिल घेतली. त्या दिवशी पुऱ्या झालेल्या ओळीशेजारी समासात लिहिलं, ‘हे कोणी लिहिलं?’ पान टेबलावर ठेवलं, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

सकाळी आम्ही दोघं मिळून दार उघडलं.

प्रश्नाखाली उत्तर होतं.

‘बाबा, असू दे.’

हे माझ्या खुर्चीत बसले. मला म्हणाले, “संपवू नकोस.”

मी संपवली नाही.

प्रकाशकांना दुसरी कादंबरी दिली. कुरकुरत छापली त्यांनी. ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. छापखान्याच्या जागी आता औषधांचं दुकान आहे. हे अकरा वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत रोज संध्याकाळी पान वाचायचे, पण त्या पानांवर पेन्सिल पुन्हा टेकवली नाही.

मी हात आखडून लिहीत राहिले. वर्षाला एखादं प्रकरण, कधी तेही नाही. कादंबरीतल्या मुलीनं आता साठी गाठली आहे. तिचं अक्षर जरा थरथरतं.

मी पंच्याऐंशीची. बोटं वळत नाहीत. काल तीन तास बसले आणि एक शब्दही उमटला नाही. पान कोरंच ठेवून उठले.

आज सकाळी त्यावर तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘ती अजून पुलावरच थांबली आहे आणि आई’

पुढे काही नाही. शेजारी माझं पेन होतं, टोपण काढून ठेवलेलं.