कोल्ड स्टोरेजच्या भिंतीआड

ज्याला थापा वाटतील त्यानं इथेच थांबावं. ही माझ्या सख्ख्या ताईची गोष्ट आहे आणि सांगताना अजून माझं डोकं फिरतं.

रात्र नव्हती. भर दुपार होती. जागा, बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजचं तळघर.

ताई इमारती तपासते. कुणी गोदाम, कारखाना विकत घ्यायचा म्हटलं की आधी तिला पाठवतात. छोट्या हातोडीनं ती भिंत ठोकत जाते. भरीव भिंत ठण्ण वाजते, पोकळ भिंत ढब्ब.

मागची भिंत ढब्ब वाजली.

ताईनं पुन्हा ठोकलं.

आतून... कुणीतरी ठोकलं.

सोबत विकणाऱ्याचा दलाल होता. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "पाइपात हवा असते, मॅडम."

"पाइप तर तुम्ही भंगारात घातलेत."

तिनं भिंतीला कान लावला. आधी काहीच नाही. मग श्वास... आणि अगदी बारीक आवाज...

"पाणी..."

ताई किंचाळली, "भिंत फोडा! आत माणूस आहे!"

दलाल हसला. "कसला माणूस? करारावर सही केलीय ना? इथलं बाहेर बोलायचं नाही. बोललात तर भरपाईत राहतं घर जाईल. मुलं शाळेत आहेत ना अजून?"

त्यानं तिला बाहेर काढलं आणि कुलूप लावलं.

ताईनं रस्त्यातूनच खरेदीदाराच्या वकिलाला फोन लावला. "पोलिसांकडे जाऊ का?"

"छे छे! पोलीसही बाहेरचेच. सौदा होत आलाय. आज गप्प बसा, उद्या करार वाचून सांगतो."

ताई गप्प बसली. घाबरली हो! घर जाणार म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? पण त्या रात्री घरात नळ सोडला की रडायला लागायची.

सकाळी तिनं मला सांगितलं.

"खड्ड्यात गेला करार," मी म्हणालो. "चप्पल घाल."

पोलीस चौकीत साहेबांनी सगळं ऐकलं. कपाळाला हात लावला.

"अहो बाई, गुन्ह्याचा संशय पोलिसांना सांगायला कुठला करार अडवतो? कालच का नाही आलात?"



पोलिसांनी दलालाला बोलावून कुलूप उघडायला लावलं. भिंत फोडली.

आत अरुंद खोली होती...

रिकामी.

जमिनीवर धुळीचा जाड थर. एक पाऊल उमटलेलं नाही. साहेब म्हणाले, "इथे कित्येक वर्षांत कुणी आलेलं दिसत नाही."

"बघा! मॅडमना भास झाला." दलालाचा चेहरा खुलला.

भिंतीचा जो भाग उभा होता, त्याला मी आतून हात लावला. ताईनं कान टेकला होता, बरोबर त्याच्या पलीकडे...

प्लास्टर ओलं होतं. कोमट.

आणि पलीकडच्या कोपऱ्यात खाली काही विटा नव्या वाटत होत्या. "डागडुजी," दलाल म्हणाला.

कित्येक वर्षांची धूळ म्हणे! धूळ काय, टोपलीभर आणून पसरता येते.

चौकशी चालू आहे. आजही चालूच आहे. इमारत विकली गेली. वकिलाला फी मिळाली.

ताई मात्र कधीही येते, माझा हात घट्ट धरते.

"ते भूतच होतं ना रे? भूतच होतं म्हण."

"भूतच होतं, ताई."

देवा, भूतच असू दे... माणूस असेल, तर ताई गप्प बसली त्या रात्री तो जिवंत होता.