डब्यातला ढोल

"फर्रर्र... फट्! फर्रर्र!"

"बंद कर ते! आधी बंद कर!" रणधीरकाकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "अगं वैष्णवी, ढोल हाय का फाटका ताशा?"

वैष्णवीनं माऊस दाबला. खोली एकदम गप्प झाली. खाटेवर वैष्णवीचे आजोबा, धुळाप्पा आबा, बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता, कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखा.

"फाईलच खराब झालीय," काका म्हणाले. लोहाऱ्यात त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं, त्यामुळं कॉम्प्युटरबद्दल ते बोलले की घरात विषय संपायचा. "आबा, आज चारच्या जीपनं मी कॉम्प्युटर घेऊन जातो. सगळं पुसून नवा करतो. दुकानात कामाला तरी येईल."

"पुसून टाक," आबा म्हणाले.

"आबा!" सुरज ओरडला. सुरज म्हणजे रणधीरकाकांचा मुलगा, सातवीतला. दिवाळीच्या सुट्टीत तो रोज वैष्णवीच्या वस्तीवर पडीक असायचा.

"व्हय, पुसून टाका," आबा पुन्हा म्हणाले. "माझ्या कानाला वाटायचं, म्या लई भारी वाजिवतो. ऐकलं ना आता सगळ्यांनी? असलं फाटकं मागं कशाला ठिवायचं?"

एवढं बोलून ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले.

वैष्णवीला रडू यायला हवं होतं. पण आलं नाही. तिला काहीच वाटलं नाही. पावसात भिजलेली घोंगडी अंगावर टाकावी, तसं नुसतं जड झालं. गेले कित्येक महिने तिचं हे असंच चाललं होतं. उन्हाळ्यात आबांना झटका आला, उजवा हात बधिर झाला, आणि पंचक्रोशीत नावाजलेला धनगरी ढोल खुंटीला गेला. तेव्हापासून शाळेत पहिला नंबर आला तरी तिला तेवढंच वाटायचं आणि आमटी सांडली तरी तेवढंच.

फक्त संध्याकाळची एक वेळ बरी असायची. गेल्या वर्षी बिरोबाच्या जत्रेत तिनं वडिलांच्या मोबाईलवर आबांचा ढोल भरून घेतला होता. मोबाईल पुढं विहिरीत पडला, पण त्याआधी आवाज कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवला होता. कॉम्प्युटरच्या दोन छोट्या स्पीकरांबरोबर एक मोठा काळा डबा होता, जाड आवाजाचा. रोज संध्याकाळी आबा त्या डब्यावर आपला बधिर हात ठेवायचे. आतून ढोल घुमला की हात हलायचा. स्वतःहून नाही, डबा हलवायचा म्हणून. तेवढंही आबांना पुरायचं.

दसऱ्यापासून डबा फरफरायला लागला. आबांनी हात ठेवणं सोडलं. आणि आज, "पुसून टाक."

"साडेबारा वाजलेत," सुरज बाहेर ओट्यावर येऊन म्हणाला. "चारला जीप! आपल्याकडं साडेतीन तास हायत!"

"कशाला साडेतीन तास?" शेजारची करिश्मा शेंगा फोडत बसली होती. वयानं सगळ्यांत लहान आणि जिभेनं सगळ्यांत मोठी. "तुझ्या वडलांनी निकाल दिला की! अख्ख्या तालुक्याचे फॉर्म तेच भरतात. माझ्या भावाच्या फॉर्मात लिंग 'स्त्री' टाकलं होतं, तेबी त्यांनीच!"

"ए! ते घाईत झालं होतं!"

"मग हेबी घाईतच झालं नसंल कशावरून?"

वैष्णवीनं करिश्माकडं पाहिलं. शेंगेचं टरफल करिश्माच्या हातातच राहिलं. काकांनी नेमकं काय तपासलं होतं? फाईल लावली, आवाज पार वर नेला, कान झाकले. बस्स. तेवढंच.

"चला," ती म्हणाली. "एक-एक करून बघू. आधी फाईल."

सुरजनं खिशातले इअरफोन काढून कॉम्प्युटरला लावले. एक बोंड त्याच्या कानात, एक वैष्णवीच्या.

धूम. धूम धूम. स्वच्छ!

"आयला! एक बी फरफर न्हाय!" सुरज उडालाच. "फाईल चांगली हाय!"

ते आबांच्या खाटेकडं धावले. वैष्णवीनं त्यांच्या कानात बोंड घातलं. आबांनी क्षणभर ऐकलं आणि काढून टाकलं. "ह्यो ढोल न्हाय गं बाई. ह्यो डास हाय. ढोल हाताला लागाय पायजे."

करिश्मा हळूच म्हणाली, "झालं. म्हणजे डबाच दुरुस्त व्हायला पायजे."

"पण दोष डब्यात हाय का कॉम्प्युटरात, कुठं माहितीय?" सुरजनं विचारलं.

"डब्याला दुसरं काहीतरी लावून बघ," वैष्णवी म्हणाली.

आईचा मोबाईल आला. कॉम्प्युटरची वायर काढून मोबाईलला जोडली आणि लग्नातलं एक दणदणाटी गाणं लावलं. फर्रर्र! फट्!

"कॉम्प्युटर निर्दोष!" करिश्मानं हात वर केले. "आरोपी क्रमांक दोन, पुढं या!"

मग त्यांनी डब्यावरचं जाड आवाजाचं बटण हळूहळू खाली फिरवलं. फरफर कमी झाली, पण गेली नाही. बटण अगदी शून्यावर नेलं, तेव्हा छोटे स्पीकर छान वाजत राहिले.

इतक्यात काका डोकावले. "अजून तेच चाललंय व्हय?"

"बाबा, फाईल चांगली हाय! डब्यात दोष हाय!"

"डबा नवा हाय रे! आषाढात घेतलाय!" काका हसले. "नव्या डब्याला काय धाड भरलीय? जीप वेळेवर येणार हाय. वायरी गुंडाळून ठेवा." आणि ते जेवायला निघून गेले.

"नव्या वस्तूला रोग होत न्हाय म्हणं!" करिश्मा पुटपुटली. मग ती एकदम वाकली. "ए, हे बघा. ह्या कुठं निघाल्यात?"

भिंतीवरून लाल मुंग्यांची एक बारीक रांग उतरत होती. टेबलाच्या पायावरून वर, वायरीवरून पुढं, आणि डब्याच्या जाळीशेजारच्या गोल भोकात. लिंबू आत जाईल एवढं ते भोक होतं. काही मुंग्या बाहेर येत होत्या. त्यांच्या तोंडात पांढरे कण होते.

"मुंग्यांना गाणी आवडतात वाटतं!" सुरज म्हणाला.

"गाणी तोंडात धरून नेतात व्हय?" करिश्मानं त्याला टपली मारली.

वैष्णवीनं भोकात बोट घालायला हात पुढं केला, तोच दारातून आवाज आला.

"वैष्णवी! हात मागं घे!"

आई, दीपाली, पिठाच्या हातांनीच धावत आली. ती नेहमी अशीच कुठूनतरी बघत असायची. "आधी पिन काढ. नुसतं बटण बंद करून भागत न्हाय. काढलीस? दाखव. सगळ्या वायरी काढ. आणि मला विचारल्याबिगर स्क्रू खोलायचा न्हाय, कळलं?"

"कळलं गं आई."

"नुसतं 'कळलं' नको. पिन दाखव!"

वैष्णवीनं पिन हातात धरून दाखवली. मगच आई गेली. गेली म्हणजे, दारापर्यंत.

सुरजनं बॅटरीचा उजेड भोकात टाकला. आत सगळं पिवळं होतं! हळदीसारखं पिवळंधमक.

"भंडारा!" तिघंही एकदम म्हणाले.

वैष्णवीच्या डोळ्यांपुढं दसरा उभा राहिला. दरवर्षी ढोलाची पूजा व्हायची आणि त्याच्यावर भंडारा-खोबरं उधळलं जायचं. यंदा आबा म्हणाले होते, "माझा ढोल आता त्या डब्यात हाय. त्येलाबी मान द्या." ढोल ठेवतात तसा डबाही तोंड वर करून आडवा ठेवला. आबांनी डाव्या हातानं मूठभर भंडारा-खोबरं त्याच्यावर उधळलं. हात सवयीचा नव्हता. अर्धं खाली सांडलं, आणि अर्धं...

"मग गुन्हेगार आबाच!" सुरज म्हणाला.

"गप," वैष्णवी म्हणाली.

त्यांनी डबा उलटा धरला. करिश्मानं खालून थाळी धरली. सुरजनं पाठीवर थापा मारल्या. टप. टप टप. खोबऱ्याचे वाळके तुकडे पडले, भंडारा पडला आणि ढीगभर रागावलेल्या मुंग्या पडल्या.

"प्रसाद!" सुरजनं एक तुकडा उचलला.

"सुरज! टाक खाली!" दारातून आई.

"मी नुसता वास घेत होतो, काकू!"

पिन लावली. ढोल सुरू केला. धूम, धूम... फर्र.

"अजून हाय!" सुरजचं तोंड उतरलं. आता तीन वाजून गेले होते. "थोडी कमी झाली, पण हाय. बाबांना हे पटणार न्हाय."

वैष्णवी डब्याकडं बघत राहिली. मग तिनं आबांसारखाच तळहात डब्यावर टेकवला, बोटं पसरून. "पुन्हा लाव. हळू आवाजात."

ढोल वाजला. वरच्या बाजूला नुसता घुमारा. उजवीकडं घुमारा. तिनं हात सरकवला. डावीकडं खाली, कोपऱ्यात, घुमाऱ्याच्या मधोमध काहीतरी टोचत होतं. काटा रुतल्यावर पायाला कळतं तसं.

"इथं," ती म्हणाली. "इथं अडकलंय काहीतरी."

"पिन!" आई.

"काढली!"

करिश्मानं खराट्याची काडी आणली. तिची बोटं लांब आणि निमुळती. काडी भोकातून तिरकी आत गेली. "लागतंय... सटकतंय..." ती म्हणाली. "हां, हळू!" वैष्णवीनं बजावलं. "आतल्या कागदी पडद्याला धक्का नको, फाटंल!" सुरज बॅटरी धरून श्वास रोखून उभा होता. पडद्याच्या मागं, कडेला, भंडाऱ्यानं चिकटलेली खोबऱ्याची एक पातळ चकती अडकली होती. ढोल घुमला की पडदा तिच्यावर आपटत होता.

टक्. चकती थाळीत पडली.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला!

"पोरांनो! आणा रे कॉम्प्युटर!" काकांची हाक आली.

"एकच मिनिट, बाबा!" सुरजनं दार लोटून घेतलं आणि वैष्णवीकडं पाहून डोळे मिचकावले. "त्यांना काही सांगायचं न्हाय. नुसतं वाजीव!"

वैष्णवीनं वायरी जोडल्या, पिन लावली, जाड आवाजाचं बटण निम्म्यावर ठेवलं आणि माऊस दाबला.

धूम!

भिंतीवरची खुंटी थरथरली. धूम धूम, तड, धूम! ओट्यावर पळत येणारी पावलं ऐकू आली. दार धाडकन उघडलं.

"आबा!" रणधीरकाका धापा टाकत उभे होते. "आबा, तुमचा हात चालाय लागला? कोण वाजवतंय?"

त्यांनी खुंटीकडं पाहिलं. ढोल जागेवरच होता. मग काळ्या डब्याकडं पाहिलं. मग थाळीतल्या खोबऱ्याकडं.

"फाईल खराब होती ना, काका?" करिश्मानं अगदी साळसूदपणे विचारलं.

काकांनी डोकं खाजवलं. "म्या... म्या एकदा इअरफोन लावून बघाय पायजे होतं."

खाटेवर आबा उठून बसले होते. वैष्णवीनं डबा त्यांच्याजवळ सरकवला आणि त्यांचा उजवा हात उचलून त्यावर ठेवला. हात जड होता, गार होता. ढोल घुमला आणि हात हलायला लागला.

आबा बराच वेळ ऐकत राहिले. मग थाळीकडं बघून म्हणाले, "म्याच घातलं व्हय हे आत?"

खोटं बोलावं असं वैष्णवीला क्षणभर वाटलं. "व्हय, आबा. दसऱ्याला. मानानं घातलंत तुम्ही."

ढोल पुढं वाजत राहिला. आणि अचानक त्यांनी डावा हात वर केला. "थांब! मागं घे थोडं."

वैष्णवीनं मागं घेतलं.

"हितं. ऐकलंस? ठोका उशिरा पडला." आबांचा चेहरा हलला. कितीतरी महिन्यांनी हलला. "ही चूक माझी हाय. जत्रंत घाम आला होता, काठी निसटली. ही माझी. पर ती फरफर माझी नव्हती!"

"ती खोबऱ्याची होती, आबा!" सुरज ओरडला.

"एकच चूक, एवढ्या येळात!" आबा हसले. "रणधीर, जीप रिकामी पाठीव. काय बी पुसायचं न्हाय."

"न्हाय पुसत, आबा. उलट आजच दुसऱ्या दोन ठिकाणी उतरवून ठेवतो," काका म्हणाले. मग पोरांकडं वळून त्यांनी चक्क हात जोडले. "शहाणी हायसा रे तुम्ही! उद्यापासून दुकानात बसता का तिघं?"

"बसतो की!" करिश्मा म्हणाली. "पण फॉर्म आम्ही तपासणार!"

आई दारातून आत आली. तिनं आधी पिन नीट बसलीय का पाहिलं. मग तिघांच्या डोक्यांवरून पिठाचा हात फिरवला. "लई चांगलं काम केलंत," ती म्हणाली.

"पुढच्या दसऱ्याला डब्यावर आधी फडकं टाका," आबा म्हणाले. "मान फडक्यावरनंबी पोचतो."

वैष्णवीनं आपला तळहात आबांच्या हाताशेजारी ठेवला. डब्यातून ढोल वर आला, बोटांतून मनगटात, मनगटातून कोपरात. ती भिजलेली घोंगडी अजून अंगावर होतीच. पण आतून काहीतरी तिला ढोसत होतं. धूम. धूम धूम. मग ती चुकलेली जागा आली आणि दोघं एकदमच हसले.