डब्यावरचं कुंकू

ट्रेलरचं दार उघडलं आणि आत काहीच नव्हतं. आदल्या सकाळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर तांब्याच्या तारेचे ड्रम भरले होते. आता नुसता पत्रा, आणि त्यावर दसऱ्याचं कोवळं ऊन.

दार अंबादासनेच उघडलं होतं. ट्रक जोडून त्याने ट्रेलर जरा पुढे घेतला, ओझं जाणवेना म्हणून उतरला, आणि बोंबही त्यानेच मारली. पोलिसांनी धरला तो त्यालाच. कुलपाची किल्ली त्याच्या खिशात होती. ड्रायव्हरला धरायला तेवढं पुरतं.

विमा कंपनीची तपासनीस विनता दुपारी जबलपूरबाहेरच्या त्या यार्डात पोचली, तेव्हा अंबादासची बायको नर्मदा फाटकाशी बसली होती. कांचघरच्या वस्तीतून ती आधी ठाण्यात गेली होती, तिथून हाकलली गेली. जाता जाता ठाणेदाराने तिला ऐकवलं होतं, संध्याकाळपर्यंत तुझा नवरा सगळं ओकेल. कसं ओकवतात हे कांचघरात कुणाला सांगावं लागत नाही. तिच्या गल्लीतला एक जण मागच्या उन्हाळ्यात ठाण्यातून परत आला, तो चादरीत.

"त्याले शुगर आहे, ताई," नर्मदा म्हणाली. "मार नाही सोसवणार."

विनता तशीच ऑफिसाकडे वळली. खोटा धीर देणं तिला जमत नसे.

यार्डाचे मॅनेजर अच्युतराव ऑफिसात वाट पाहत होते. विजय नगरात बंगला, मराठेशाहीपासून जबलपुरात असलेलं घराणं, कपाळावर गंध. चहा आला. घरची चौकशी झाली. मग त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवली.

प्रत्येक ट्रेलरला एक बिनतारी डबा होता. दाराच्या चौकटीखाली, आतल्या अंगाला, चुंबकाने चिकटवलेला. दार उघडलं, चाक फिरलं किंवा डब्यालाच कुणी हात लावला, तर ऑफिसात घंटा वाजायची. बारा नंबरचा हा ट्रेलर भरल्यापासून आज सकाळी अंबादासने हलवेपर्यंत त्याचा डबा गप्प होता. दार बंद, चाकं थांबलेली.

"मग माल गेला कुठून?" विनताने विचारलं.

"ते अंबादासलाच विचारा."

"काल डबे पूर्ण वेळ चालू होते?"

"अच्छा, तेही सांगतो. काल खंडेनवमी. गाड्या पंपाने धुतल्या, पूजा झाली. पाण्याच्या माऱ्याने डबे सारखे बोंबलतात, म्हणून त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांचे कान बंद ठेवतो. दरवर्षीची रीत आहे."

"बंद कोण करू शकतं?"

"मी इथून. नाहीतर डबे बसवणारा शैलेंद्र, त्याच्या फोनवरून."

"काल तुम्ही ट्रेलरांपाशी गेला होतात?"

"छे. पूजा ऑफिसातच केली, मग घरी गेलो. बाहेरचं कामगार बघतात." अच्युतराव पुढे झुकले. "विनताताई, तुम्ही आपल्यातल्या, म्हणून स्पष्ट बोलतो. या लोकांना सगळं ठाऊक असतं. त्याच्या बायकोनं तर डब्यालासुद्धा कुंकू लावलं. डबा कुठे बसवलाय ते कळल्याशिवाय का?"

विनताने चहा संपवला आणि शैलेंद्रला बोलावून घेतलं.

शैलेंद्र घाबरला होता. दुसरी किल्ली ऑफिसाच्या खिळ्याला टांगलेली असते, आपण तिथे येतजात असतो, हे त्याने न विचारता सांगून टाकलं. बारा नंबरच्या ट्रेलरखाली वाकताच त्याने खिशातलं फडकं काढलं आणि हात डब्याकडे नेला. विनताने त्याचं मनगट धरलं.

"काय करून राहिला?"

"सफाई, मॅडम. मैं तो पहले कपड़ा मारता हूँ. डब्यावर कचरा मला चालत नाही."

"हा कचरा नाही. हात मागे घे."

ती स्वतः खाली वाकली. डब्यावर हळद होती, हळदीवर कुंकू. कुंकवाच्या दोन भुजा डब्याच्या काठापर्यंत येऊन एकदम तुटल्या होत्या. काठापलीकडे नुसतं लोखंड.

उभी राहिली तेव्हा तिला फाटकापलीकडून ढोल ऐकू आले. देवीची मिरवणूक निघाली होती. संध्याकाळ जवळ येत होती आणि ठाण्यात अंबादास होता.

नर्मदेला तिने एकच गोष्ट विचारली. डब्यावर काय काढलं होतं?

"सातिया. स्वस्तिक. खंडेनवमीले हत्याराची पूजा करतो ना आपण? हे म्हणाले, मालाचा राखणदार तो डबाच आहे. मंग मी खाली शिरून काढलं. दिसत नाही ना कोणाले, चाकाले कुंकू लावताना त्याचं राहून गेलं असतं. ह्यांच्याबिगर कोणाले ठाऊकही नाही."

"पूर्ण काढलं?"

"अर्धं कोणी काढते का, ताई? डबा पुरला नाही, तर लोखंडावर नेलं."

विनताने पहारेकऱ्याला गाठलं. काल दुपारी यार्डातून एकच ट्रेलर बाहेर गेला होता. एकोणीस नंबर, रिकामा, दुरुस्तीला शहपुऱ्याकडे. बारासारखाच पांढरा, त्याच बनावटीचा. ओढायला बाहेरचा ट्रक आला होता. तिने शहपुऱ्याच्या ठाण्यात फोन लावला, एकोणीसच्या पाटीचा पांढरा ट्रेलर शोधायला सांगून त्याचे, आतले आणि चौकटीखालचे फोटो मागितले, आणि फोन हातात धरून बसली.

फोटो आले तेव्हा ढोल फाटकासमोर होते. ते पाहून तिने ठाणेदारालाच यार्डात बोलावलं. तो कुरकुरत आला. अच्युतरावांनी त्याच्यासाठी चहा मागवला.

"चहा राहू द्या," विनता म्हणाली. "बाहेर उभा आहे तो बारा नंबर नाहीच. तो एकोणीस आहे. काल डब्यांचे कान बंद असताना दोन्ही ट्रेलरांच्या पाट्या बदलल्या, डबे बदलले, कुलूप या रिकाम्यावर आणून लावलं. भरलेला ट्रेलर रिकाम्याच्या नावाने फाटकातून गेला. संध्याकाळी कान उघडले, तेव्हा बाराचा डबा इथे गप्प उभा होता. खरंच सांगत होता तो. नुसता परक्या गाडीवर बसून."

"पुरावा?" ठाणेदाराने विचारलं.

तिने फोन टेबलावर ठेवला. मटारच्या हंगामाखेरीज बंद असणारं शहपुऱ्याचं एक गोदाम, मागे उभा ट्रेलर, आत ड्रम. दुसऱ्या फोटोत चौकटीखालचं लोखंड, आणि त्यावर स्वस्तिकाचा उरलेला भाग.

"हे शैलेंद्रही करू शकतो," अच्युतराव म्हणाले. आवाज अजून शांत होता.

"शैलेंद्रने केलं असतं तर डब्यावर कुंकू उरलंच नसतं. तो आधी फडकं मारतो. चोराला डबा काढताना कुंकू दिसलं, काठाशी तुटलेलं दिसलं, आणि तरी त्याने पुसलं नाही. का? बाईमाणसाने लावलेलं कुंकू पुसू नये, हे ज्याच्या घरात शिकवतात, त्याचा हात होता तो."

"हा काय पुरावा झाला, विनताताई?"

"नाही झाला. पण तुम्ही ट्रेलरांपाशी गेला नव्हतात. नर्मदेने नवऱ्याखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तो सकाळपासून कोठडीत आहे. वाकल्याशिवाय ते दिसत नाही. मग डब्याला कुंकू लावलंय हे मला दुपारी, मी आल्याआल्या, कुणी सांगितलं?"

अच्युतरावांनी स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली. ठाणेदार त्यांच्याकडे बघायला लागला. मग त्याने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"शहपुऱ्याचं गोदाम कुणाचं?" त्याने विचारलं.

"मेव्हण्याचं," अच्युतराव म्हणाले. मग विनताकडे वळून हळूच, घरातलं बोलावं तसं, "ताई, आपल्या माणसांचं नाव जाईल. बघा ना काही."

विनता उठली.

"लोखंडावरचं कुंकू पुसायला तुमचा हात धजला नाही," ती म्हणाली. "बाहेर ती बसली आहे, तिच्या कपाळावरचं मात्र संध्याकाळपर्यंत पुसलं गेलं असतं तरी तुम्हाला चाललं असतं."

नर्मदेला गाडीत घेऊन ती ठाण्यात गेली. अंबादासला दोन शिपायांनी बाहेर आणलं. तळपाय टेकवत नव्हते. नर्मदेने त्याचा दंड खांद्यावर घेतला आणि दोघं पायरीवरच बसली.

थोड्या वेळाने जीप आली. ठाणेदाराच्या पहाऱ्यात अच्युतराव उतरले. हवालदार लगबगीने उठला, आपली खुर्ची रुमालाने पुसली आणि त्यांच्याकडे सरकवली. "बैठिए साहब," तो म्हणाला.