मंगळवारी बसवलेलं बूच

घरच्या माणसाने गॅसची शेगडी स्वतः सोडवायची नाही, हे वाक्य फिटरने बावीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याची बायको ते त्याच्या आधी म्हणून दाखवायची. लोक समोर माना डोलवायचे आणि त्याची पाठ वळली की पाना हातात घ्यायचे. चार आट्यांचं तर काम, त्याला माणूस कशाला बोलवायचा? चार आट्यांपायी माणसं कशी जातात हे तो कुणाला सांगत बसत नसे. नऊ वर्षांचा असताना त्याने शेगडीची कळ उघडी ठेवली, पहाटे आईने काडी ओढली, आणि घरात तो आणि ताई एवढेच उरले. ताई तेव्हा सतराची. तिने त्याला लहानाचं मोठं केलं, पण त्या कळीवरून कधी चकार शब्द काढला नाही. तिच्या त्या न बोलण्याचे उपकार तो आजवर मानत आला होता.

म्हणूनच ताईने विजेची शेगडी घेतली आणि जुनी काढून दे म्हणाली, तेव्हा त्याने फोनवर बजावलं, "शनिवारी येतो. तोवर कुणी हात लावायचा नाही. भावोजींना तर तिकडे फिरकूही देऊ नकोस." ताई हसली होती. बल्ब बदलायचा असला तरी भावोजी आधी घरातल्या सगळ्यांना चपला घालायला लावत.

शनिवारी दुपारी तीनला तो जिना चढून तिसऱ्या मजल्यावर पोचला. भावोजींनी दार उघडलं, त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि बाजूला झाले. स्वयंपाकघरात ओट्यावर नव्या शेगडीची काळी काच चकाकत होती. जुनी शेगडी जागेवर नव्हती. भिंतीतून आलेल्या पाइपाच्या तोंडावर पितळी बूच बसलेलं होतं.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. "भावोजी, काय सांगितलं होतं मी?"

"मी काही केलेलं नाही," भावोजी दारातूनच म्हणाले.

"मग काय आपोआप सुटली?"

ताई गॅलरीतून वाळलेले कपडे घेऊन आत आली. त्याला पाहून थबकली. "असं काय करतोस? मंगळवारी तूच नाही का काढून गेलास?"

मंगळवारी तो सकाळपासून अंधार पडेपर्यंत एका इस्पितळाच्या भटारखान्यात पाइप जोडत होता. बरोबर दोन माणसं होती. त्याने तसं सांगितलं. ताई मान खाली घालून कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

नवऱ्याला पाठीशी घालतेय, त्याला वाटलं, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. साऱ्या जगाने थापा माराव्यात, पण ताईने त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं. निदान तो तरी तसं धरून चालला होता.

"बघू तरी कसं लावलंय," तो म्हणाला आणि गुडघ्यावर बसला.

बूच नीट लागलं होतं. नीट म्हणजे अगदी त्याच्या मनासारखं. पितळेवर पान्याचा एक ओरखडा नव्हता. पाना लावण्याआधी नटावर चिंधी गुंडाळायची त्याची सवय होती. ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या म्हाताऱ्याने लावलेली, आणि बाकीचे फिटर त्यावरून त्याची टर उडवायचे. इथेही आट्यात चिंधीचा एक निळा धागा अडकून राहिला होता. पाइपाला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती. तारीख, 'बंद केले', आणि खाली त्याची सही. शेवटची रेघ घाईने खाली ओढलेली, तो ओढतो तशीच.

भावोजींच्या बापजन्मात हे जमलं नसतं.

त्याने पिशवीतून वाटी काढली, साबणाचा फेस केला आणि ब्रशने बुचाभोवती लावला. गळती असली तर फुगे येत राहतात. नसली तर फेस नुसता बसून राहतो. तिसरं काही होत नाही.

एकच फुगा आला. बोराएवढा झाला, मग हळूहळू आत ओढला गेला, आणि पुन्हा फुगला. जिन्यातला मुख्य कॉक बंद होता. वर येताना त्याने स्वतः पाहिला होता. वासही नव्हता. त्याने बूच आणखी आवळलं. फुगा तसाच वर येत होता आणि खाली बसत होता, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

मग त्याच्या लक्षात आलं की फुगा त्याच्याच श्वासाबरोबर हलतोय. त्याने श्वास रोखला.

फुगा थांबला.

त्याने फडक्याने सगळा फेस पुसून काढला. 

"ताई, मंगळवारी जो आला होता, तो काय काय बोलला?"

"फार काही नाही बोललास. काम केलंस, हात धुतलेस, त्या खुर्चीवर बसलास. बोलले ती मीच. इतकी वर्षं सांगायचं राहिलं होतं ते सांगून टाकलं."

"काय सांगायचं राहिलं होतं?"

ताईने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला. "ती कळ तू उघडी ठेवली नव्हतीस. आदल्या दिवशी शेगडीमागचं साफ करायला मीच नळी काढली होती. परत लावली, पण ती नीट बसली नव्हती. लोक तुला विचारत होते. तू रडत रडत हो म्हणालास. मी गप्प बसले."

चौतीस वर्षं त्याने आईचा जीव स्वतःच्या माथ्यावर वागवला होता. त्यापायीच हा धंदा धरला होता. आणि जिच्या कुशीत तोंड खुपसून तो त्यासाठी रडायचा, तिला सगळं ठाऊक होतं. इतकं फसवलं गेल्यासारखं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

"मग मी काय म्हणालो?"

"माझ्या डोक्यावर हात ठेवलास. माफ केलंस."

"मी नाही केलं," तो म्हणाला. "तो मी नव्हतो. मी माफ केलेलं नाही."

आता ती रडेल, निदान घाबरेल, असं त्याला वाटलं. ताईने फक्त भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी मान हलवली.

"तो म्हणाला होता," ताई म्हणाली, "शनिवारी तू येशील आणि असंच बोलशील."

"म्हणजे तो मी नव्हतो हे तुला माहीत होतं?"

"मंगळवारी दारातच कळलं. मी वाढवलंय तुला."

"तरी आत घेतलंस?"

"त्याने माझं ऐकून घेतलं," ताई म्हणाली. "कालही आला होता. परवाही."

त्याने वाटी आणि ब्रश पिशवीत टाकले.

तिने टॉवेलची घडी घालून बाजूला ठेवली. "तू आता नीघ. त्याची यायची वेळ झालीय."

भावोजींनी त्याची पिशवी उचलून बाहेर जिन्यात नेऊन ठेवली, आणि दार उघडंच ठेवलं.