खिळा ठोकायचा नाही

लाइट येईपर्यंत बसा इथेच जिन्यात, एक सांगतो. घडलेली गोष्ट आहे, माझ्याबरोबर बारा वर्षं काम केलेल्या रंगाऱ्याची. आणि मध्ये हसायचं नाही. तुम्हीही भाड्यानेच राहताय.

शहर असं वाढत होतं की आज मोकळं दिसलेलं मैदान दोन वर्षांत चौदा मजली व्हायचं. त्यातल्या कितीतरी भिंती ह्या रंगाऱ्याने रंगवलेल्या. स्वतःची मात्र एक भिंत नाही. तीन वर्षांत चार घरं झाली. कुठे मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुठे भाडं एकदम वाढलं, कुठे इमारतच पाडायला काढली. घर बदललं की मुलीची शाळा बदलायची. नऊ वर्षांची पोर, तिने नव्या वर्गात मैत्रिणी करणंच सोडून दिलं होतं. "दुसऱ्यांची घरं सजवतो आणि माझी पोर कायम बॅग भरून तयार," असं म्हणत हा ब्रश आपटायचा. फार चिडलेला असायचा.

चौथं घर शाळेच्या अगदी समोर मिळालं. कोरी इमारत, त्या घरात हे पहिलेच भाडेकरू. मालकाची अट एकच. "भिंतीला खिळा ठोकायचा नाही. एक जरी दिसला तरी सामान बाहेर." दर महिन्याच्या एक तारखेला तो सकाळी सकाळी यायचा आणि डॉक्टर पोट तपासतो तसा भिंतींवरून हात फिरवायचा. मग काय, घड्याळ फ्रिजवर, आरसा खुर्चीवर. रंगाऱ्याचे वडील सुतार होते, जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांचा फोटो चार घरं फिरला, पण चादरीत गुंडाळून ट्रंकेतच.

"बाबांना कधी बाहेर काढायचं हो?" बायको विचारायची.

"स्वतःचं घर झालं की."

"म्हणजे कधीच नाही."

सत्तावीस तारीख, बुधवार. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी ठोकण्याचा आवाज आला. दोन हलके, एक जोरात. वरच्या मजल्यावर काहीतरी चाललं असेल म्हणून हा कूस बदलून झोपला. सकाळी पाहतो तर हॉलच्या भिंतीत खिळा! ती भिंत अशी की ड्रिलशिवाय काही आत जायचं नाही. हा बायकोवर भडकला, बायको मुलीवर, मुलगी रडायला लागली. त्याने खिळा उपसला, पुट्टी भरली, रंगाचा हात मारला. गुरुवारी रात्री पुन्हा तेच. शुक्रवारीही. शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई तावातावाने वर आल्या. "अहो, रात्री दोनला कसलं सुतारकाम काढलंय?"

बाई गेल्यावर ह्याने तिसरा खिळा उपसला. हाताला तेलकट लागला. त्याला एक पांढरा केस चिकटला होता.

वडिलांची सवय होती ती. खिळा आधी स्वतःच्या केसांतून फिरवायचा, तेल लागलं की सहज आत जातो...

घरात बोलला नाही. रात्री हॉलमध्ये दिवा मालवून जमिनीवर बसला. उद्या एक तारीख. सकाळी मालक येणार.

दोन वाजले.

दोन-दहा.

ठक, ठक... ठाक.

भिंतीजवळ कुणी नव्हतं. वास मात्र होता. केसांच्या तेलाचा.

"बाबा..."

आवाज थांबला.

दुसरा कुणी पळाला असता. पण हा तीन वर्षं आतून तुंबलेला माणूस. "काय चालवलंय तुम्ही, बाबा? खिळा दिसला तर उद्या रस्त्यावर येऊ आम्ही! पोरीची पाचवी शाळा होईल, कळतंय का?" बोलता बोलता रडूच फुटलं. "मला साधा एक खिळा ठोकता येत नाही तुमच्यासाठी..."



मग फरशीवर काहीतरी पडलं. टिंग.

तेवढंच...

बसल्या जागी त्याचा डोळा लागला. बेल वाजली तेव्हा उजाडलं होतं. बायकोने दार उघडलं, मालक आत आला आणि भिंतीकडे बोट करून ओरडला, "सांगितलं होतं ना?"

भिंतीवर वडिलांचा फोटो होता. सरळ, नीट. चादर खाली घडी करून ठेवलेली.

मालकाने तरातरा जाऊन फोटो उचलला. मागे नुसती भिंत. खिळा नाही, भोक नाही, साधी चिकटपट्टी नाही. त्याने हात फिरवला. परत फिरवला. फोटो होता तिथे टेकवला आणि हळूच हात काढला.

फोटो राहिला.

मालक चहा न घेता गेला. त्यानंतर एक तारखेला कधी आला नाही. पोरीने त्याच शाळेत शेवटपर्यंत शिक्षण घेतलं.

फोटो अजून तिथेच आहे. खोटं वाटत असेल, तर मी स्वतः जाऊन उचलून पाहिलाय. मागे बोट फिरवलं, भिंत गुळगुळीत.

बोट मात्र तेलकट झालं.