हजेरीकाका

माझं वारूळवाडीत टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्हीतून चित्र बाहेर येतं, आत काही जात नाही, एवढं मला कळतं. तरी लहानपणी मी नि माझा धाकटा भाऊ गोकुळ दर रविवारी त्या डबड्यासमोर घसा फोडून आपापली नावं सांगायचो. पोरांच्या कार्यक्रमातले हजेरीकाका शेवटी कानाला हात लावून म्हणायचे, "द्या हजेरी!" मग मान डोलवायचे. "आली ऐकू."

हे काका म्हणजे निरगुडसरचे सावळाराम. म्हातारपणी गावीच येऊन राहिले होते. भेटायला जाऊ, जाऊ म्हणता वर्षं सरली आणि मी गेले ती थेट त्यांच्या दहाव्यालाच. लई वाईट वाटलं. तासाभरावर माणूस, नि आपण तो मेल्यावर हार घेऊन जायचं!

घाटावर पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं चालली होती. मी काकांच्या बायकोच्या, कुशाबाईंच्या पाया पडले.

"वारूळवाडीची लंका ना गं तू?" त्या म्हणाल्या. "तुमी वरडला की तुजी आई लाटणं दाखवायची."

मी चरकलेच. आईचं लाटणं आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक असणार?

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ह्यांनी. समद्या पोरांचं ठाव व्हतं त्यांना."

भाषणं संपली, पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एक उतरेल तर शपथ! काकांच्या मुलानं हात जोडले, आईला अंतर देणार नाही म्हणाला. सून बोलली, पुतणे बोलले. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

"थांबा वाईच," कुशाबाई म्हणाल्या. "त्यांचा जीव एका पोरात अडकलाय. सारखं म्हणायचे, एकाची हजेरी ऱ्हायली, मी थांबतो म्हणालोय त्याला."

मला गोकुळ आठवला.

तो रविवार. गोकुळ तापानं फणफणलेला, घोंगडीत. त्यानं ओठ हलवले, पण आवाज फुटला नाही. त्या दिवशी टीव्हीतल्या काकांनी मान डोलवली नाही. "एकाचं ऐकू आलं नाही. मी थांबतो," म्हणाले, नि आमच्याकडं बघत राहिले. आईनं बटण बंद केलं. गोकुळ त्याच संध्याकाळी गेला. जाईपर्यंत त्याची नजर त्या बंद टीव्हीवरच होती.

काकांचं ते बोलणं मी कार्यक्रमातलंच धरून चालले होते. एकदा, नुसती एकदा निरगुडसरला गेले असते तर! म्हातारा उगाच इतकी वर्षं ताटकळला.

आता मीच गोकुळचं नाव सांगायचं ठरवलं. पुढं झाले. पण असा उमाळा दाटून आला की पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागला.

"गोकुळ!"

घाटभर ऐकू गेलं.

कावळा उतरला. पिंडाला चोच लावली.

"आली ऐकू," कुशाबाई पुटपुटल्या.

सगळी माणसं माझ्याकडं वळली. शेजारचा एक जण म्हणाला, "बरं झालं वरडलात, ताई. पर तुमचा आवाज लई बारीक हाय, बारक्या पोरावानी."

मी नुसती मान हलवली. बोळा अजून माझ्या तोंडातच होता.