तांबड्या दिव्याची त्रेचाळीस मिनिटं

वेस्टब्रुक शाळेच्या सहावीच्या वर्गात चोवीस बाकं होती आणि प्रत्येक बाकाच्या कडेला हरभऱ्याएवढा एक दिवा होता. वैजयंती दातार मागच्या दारानं आत आली तेव्हा चोवीसच्या चोवीस दिवे हिरवे होते. शिक्षिका दशांश अपूर्णांक शिकवत होत्या. मध्येच एक दिवा पिवळा झाला. त्या थांबल्या, तेच वाक्य जरा सोप्या शब्दांत पुन्हा बोलल्या, दिवा हिरवा झाला आणि वर्ग पुढे सरकला. कुणी हात वर केला नाही. ती गरज गेल्या सहा वर्षांत उरलीच नव्हती.

बाकाच्या कडेला बसवलेली पट्टी मुलाच्या बुबुळांची हालचाल आणि कपाळाखालचा रक्तप्रवाह लांबूनच टिपायची आणि समोरची गोष्ट त्याला उमजली की नाही ते सांगायची. उमजली तर हिरवा, अर्धवट उमजली तर पिवळा, नाहीच उमजली तर तांबडा. कंपनीनं यंत्राला लांबलचक नाव दिलं होतं. वैजयंती सोलापूरच्या बहिणीशी फोनवर बोलताना त्याला ‘उमजदिवा’ म्हणायची.

या दिव्यासाठी तिनं निवडणूक लढवली होती. अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार गावानंच निवडून दिलेलं मंडळ पाहतं. संख्याशास्त्राची नोकरी संपल्यावर हार्लन फोर्ड गावाच्या पाच जणांच्या मंडळावर ती निवडून आली, ती एकाच आश्वासनावर: परीक्षा बंद. तिचा मुलगा सलिल शाळेत असताना दर एप्रिलमध्ये राज्याच्या परीक्षेआधी रक्त येईपर्यंत नखं कुरतडायचा. दिवे आले, परीक्षा गेल्या. वर्षभराच्या दिव्यांची सरासरी काढून प्रत्येक शाळेला एक आकडा मिळू लागला, उमजांक. पुढे राज्यानं कायदा केला, की ज्या शाळेचा उमजांक सलग तीन वर्षं साठच्या खाली राहील ती बंद करून खासगी संस्थेकडे सोपवावी आणि तिथल्या मुलांना गावातल्या दुसऱ्या सरकारी शाळेत जागा द्यावी.

वेस्टब्रुकचा उमजांक एक्याण्णव होता. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या ईस्ट हिल शाळेचा बावन्न, आणि हे तिसरं वर्ष. मंडळात दोन मतं शाळा बंद करण्याच्या बाजूची होती, दोन विरोधातली. पाचवं वैजयंतीचं.

मत ठरवण्याआधी तिनं दोन्ही शाळांत एकच गणित घेऊन जायचं ठरवलं.

“हा कागद,” वेस्टब्रुकच्या मुलांना ती म्हणाली, “मोजपट्टी न वापरता याचे तीन अगदी सारखे भाग करा. आणि ते सारखेच आहेत हे मला पटवून द्या.”

मुलांनी पटापट घड्या घातल्या. तिनं एकीला विचारलं, “हे सारखेच कशावरून?” मुलीनं कागद उलटसुलट करून पाहिला. दिवा तांबडा झाला. मग शेजारचा, मग त्याच्या मागचा. दोन मिनिटांत सगळा वर्ग तांबडा झाला, आणि मग जे घडलं त्यासाठी वैजयंती तयार नव्हती. मुलांनी कागद खाली ठेवले, हात मांडीवर घेतले आणि ती शांत बसून राहिली. कुणी घाबरलं नव्हतं की कंटाळलं नव्हतं. बसथांब्यावर माणसं बस यायची वाट पाहतात तशी ती बसली होती.

“अगं, करून तर बघ,” ती त्या मुलीला म्हणाली.

“तांबडा आहे ना,” मुलीनं सौजन्यानं समजावलं. “आता तुम्ही सोपं करून सांगायचं असतं.”

शिक्षिकेनं पुढे येऊन गणित बदललं. तीनऐवजी चार भाग. दिवे एकेक करून हिरवे झाले.

दुसऱ्या दिवशी ती ईस्ट हिलला गेली. तिथले सहावीचे शिक्षक ओडेल प्रुइट साठीला टेकलेले, भारदस्त आवाजाचे गृहस्थ होते. त्यांच्या वर्गात ती शिरली तेव्हाच निम्मे दिवे तांबडे होते.

“तुम्ही थांबून पुन्हा सांगत नाही?” तिनं हळूच विचारलं.

“सांगतो. पण उद्या,” प्रुइट म्हणाले. “आज रात्रभर डोक्यात राहू दे.”

“त्यानं शाळेचा आकडा पडतो, हे ठाऊक आहे ना?”

“बाई, दिवा खोटं बोलत नाही. पोरांना आत्ता समजलेलं नाही, तेच तो सांगतो. त्यात वाईट काय आहे, एवढंच मला कुणी सांगितलेलं नाही.”

तिनं कागद वाटले. पाच मिनिटांत इथलेही सगळे दिवे तांबडे झाले. पण मुलं थांबली नाहीत. भांडली, कागद चुरगाळले, एकमेकांचे मुद्दे खोडून काढले. खिडकीपाशी मारिसोल रुईझ नावाची मुलगी होती. तिच्या पायाशी कागदाचे अकरा बोळे जमले. बाराव्या कागदाला तिनं हातच लावला नाही, वही उघडून रेघांकडे बघत बसली. मग तिनं कागद वहीवर तिरका ठेवला. वरच्या कडेचं एक टोक पहिल्या रेघेवर, दुसरं चौथीवर. मधल्या दोन रेघा जिथे कडेला लागत होत्या तिथे तिनं नखानं खुणा केल्या.

“रेघा सारख्या अंतरावर आहेत,” ती म्हणाली. “मग कड कितीही तिरकी गेली तरी दर दोन रेघांच्या मध्ये तिचा तेवढाच तुकडा येणार.”

वैजयंतीनं घड्याळ पाहिलं. त्रेचाळीस मिनिटं झाली होती. मारिसोलचा दिवा क्षणभर हिरवा झाला आणि लगेच पुन्हा तांबडा.

“आता काय झालं?”

“पण माझ्या वहीतल्या रेघा तरी सारख्या अंतरावर आहेत हे कुणी पाहिलंय?” मारिसोल म्हणाली, आणि तिनं वहीचं दुसरं पान उलटलं.

घरी येऊन वैजयंतीनं वेस्टब्रुकच्या सहा वर्षांच्या नोंदी चाळल्या. यंत्रात काही दोष नव्हता, कुणी लबाडी केली नव्हती. दिवा हिरवा राहावा म्हणून शिक्षक दरवर्षी थोडं थोडं सोपं करत गेले होते, एवढंच. पहिल्या वर्षी सहावीत होतं ते आता आठवीत गेलं होतं. आणि ही वाट तिनं स्वतः आखून दिली होती.

मंडळाची सभा शाळेच्या व्यायामशाळेत भरली. सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. एक आई ध्वनिक्षेपकासमोर आली आणि कागदावरून न वाचता बोलली. “माझ्या थोरलीला परीक्षेच्या सकाळी उलट्या व्हायच्या. धाकटी हसत शाळेत जाते. कुणी हा दिवा काढायचं म्हणत असेल तर त्यानं आधी माझ्या घरी येऊन थोरलीशी बोलावं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंतीला तिचं एकही वाक्य खोडता आलं नसतं.

मग तिनं स्वतःचं म्हणणं मांडलं. दोन वर्ग, एक कागद, त्रेचाळीस मिनिटं.

अध्यक्ष कर्ट लिंडग्रेन यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “दोन वर्ग आणि दोन दिवस,” ते म्हणाले. “नोकरीत असताना कुणी एवढ्यावर निष्कर्ष आणला असता तर तुम्ही काय केलं असतं?”

“परत पाठवला असता,” ती म्हणाली. “आणखी माहिती घेऊन या म्हणून सांगितलं असतं. मी तेच मागते आहे. एक वर्ष.”

कायद्यात एका वर्षाच्या मुदतवाढीची सोय होती. तीन विरुद्ध दोन मतांनी ईस्ट हिलला ती मिळाली. प्रुइट मागच्या रांगेत उभे होते. ते हसले नाहीत, फक्त मान हलवून बाहेर पडले.

वाहनतळावर एक माणूस तिच्या गाडीपाशी थांबला होता. अंगावर बस आगाराचा गणवेश होता.

“मी टोमास रुईझ. मारिसोलचा बाबा.”

“तुमची मुलगी विलक्षण आहे,” वैजयंती मनापासून म्हणाली.

“माहीत आहे मला.” त्याचा आवाज चढला नव्हता. “शाळा बंद झाली असती तर तिला वेस्टब्रुकमध्ये जागा मिळाली असती. आम्ही तीन वर्षं त्याचीच वाट बघत होतो. मला कुणी विचारलं नाही.”

“पण तिथे ती काय शिकेल, ते मी पाहिलंय—”

“तुम्ही पाहिलंत. तुम्ही वर्गात जाऊन तिच्याशेजारी उभ्या राहिलात.” त्यानं व्यायामशाळेच्या दाराकडे हात केला. “पुढच्या शाळेच्या अर्जावर तिच्या या शाळेचा उमजांक जाणार. बावन्न. वेस्टब्रुकच्या त्या पोरीच्या अर्जावर एक्याण्णव. तो अर्ज वाचणारा माणूस कागदाचे अकरा बोळे बघायला येणार नाही, बाई. तुम्ही तिला शिकण्यासाठी एक वर्ष मिळवून दिलंत, की तिचं एक वर्ष घेतलंत?”